व्यंगचित्राचा नेम

भाषणाला उत्तर देता येते, लेखाचे खंडन करता येते. हसण्याला मात्र उत्तर नसते. व्यंगचित्राचे सामर्थ्य यातच आहे. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही चित्र कळते, आणि सत्ताधीशाकडे पाहून लोक एकदा हसले की त्याचा दरारा पूर्वीसारखा राहत नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले. १८७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहराचा कारभार विल्यम ट्वीड या पुढाऱ्याच्या मुठीत होता आणि त्याच्या टोळीने सार्वजनिक पैशाची लूट चालविली होती. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात टॉमस नास्ट याने त्याला मुखाच्या जागी पैशाची थैली असलेला स्थूल पुरुष म्हणून रंगविले. वृत्तपत्रांनी लुटीचे हिशेब छापले. नास्टने ते डोळ्यांना दिसतील असे केले. १८७१ च्या निवडणुकीत टोळीचे बहुतेक उमेदवार पडले. पुढे ट्वीड कैदेतून निसटून स्पेनला पोहोचला, परंतु १८७६ साली पकडला गेला. तेथील अधिकाऱ्यांनी त्याला नास्टच्या चित्रावरूनच ओळखले, असे सांगतात.

पण त्याच नास्टने, त्याच लेखणीने, पोटासाठी अमेरिकेत आलेल्या आयरिश लोकांना वानरमुखी रंगविले. १८७१ सालच्याच 'अमेरिकेतील गंगा नदी' या चित्रात कॅथलिक धर्मगुरू मगरी होऊन मुलांवर चालून येतात. चित्रकाराचे कौशल्य तेच होते. नेम तेवढा बदलला होता.

महाराष्ट्रानेही ही दोन्ही रूपे पाहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांनी १९५६ साली सुरू केलेल्या 'मराठा' दैनिकातून आणि सभांतून सत्ताधाऱ्यांची रेवडी उडविली. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि १३ ऑगस्टला बाळ ठाकरे यांचे व्यंगचित्र साप्ताहिक 'मार्मिक' निघाले. त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी केले. ज्याच्या अंगावर हे बाण यायचे, त्यानेच भाता उघडून दिला, हे लोकशाहीचे भूषणच होय. मात्र थोड्याच वर्षांत 'मार्मिक'मध्ये मुंबईच्या कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. त्यांत बहुतेक नावे दाक्षिणात्यांची असत. मराठी तरुणांची बेकारी खरी होती. परंतु तिचा रोख राज्यकर्त्यांवरून शेजारच्या टेबलावरील माणसाकडे वळला. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तिची भूमी या पानांनी नांगरली होती.

सावरगावच्या वाचकाला हा विषय परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. महाराष्ट्रात जो मराठी माणूस बहुसंख्य ठरतो, तोच भोपाळच्या कचेरीत अल्पसंख्य असतो. त्याच्या नावाची अशी यादी उद्या कोणी छापली, तर त्याला हसू येईल काय?

म्हणून व्यंगचित्र पाहताना रेषा किती झोकदार आहे, एवढेच पाहून भागत नाही. चित्रातला माणूस खुर्चीवर बसला आहे, की दाराशी काम मागत उभा आहे, हे आधी पाहावे. पहिल्याला हसणे हा नागरिकाचा हक्क आहे. दुसऱ्याला हसताना मात्र, आपणही कुठल्या तरी दाराशी असेच उभे असतो, याचे स्मरण असावे.