दसरा ते संक्रांत : थोड्या वेळातील भाजीचा वाफा

दसऱ्याला घट उठतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढलेली गव्हाची रोपे तोपर्यंत वीतभर उंच झालेली असतात. पिवळट, लवलवती आणि नाजूक. नऊ दिवसांत त्यांना आपण काय दिले? चार पळ्या पाणी आणि थोडी माती. खत नाही, ऊन नाही, खुरपणी नाही. तरीही बी रुजले आणि वाढले, कारण सुरुवातीची शिदोरी बियांतच होती. ओल, हवा आणि ऊब एवढे मिळाले की त्याचे काम सुरू होते.

दाराशी किंवा गच्चीवर भाजीचा वाफा करायला हाच काळ उत्तम. पाऊस उघडलेला असतो, ऊन स्वच्छ असते आणि रात्री हळूहळू गार होऊ लागतात. पण शिक्षकांच्या दृष्टीने हा काळ सर्वांत गडबडीचा. पहिल्या सत्राच्या परीक्षा, पेपरांचे गठ्ठे, निकालपत्रके आणि मग दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणे. आमचेही एका वर्षी असेच झाले. सुट्टीच्या पाच दिवस आधी हौसेने मेथी आणि पालक पेरला, आठ दिवस गावी गेलो आणि परत आलो तेव्हा कुंड्यांत वाळलेल्या काड्या उरल्या होत्या. ‘आपल्याला वेळ नाही, बाग आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष आम्हीही काढला. मुलांनीही तो ऐकला, याचे अधिक वाईट वाटले.

पुढच्या वर्षी कोणते काम कधी केले ते वहीत टिपून ठेवले, तेव्हा निष्कर्ष चुकीचा असल्याचे कळले. वाफ्याची काही कामे झाडाच्या घड्याळाला बांधलेली असतात. ती त्या दिवशी झालीच पाहिजेत. बाकीची पुढे ढकलता येतात किंवा दुसऱ्या कशावर तरी सोपवता येतात. आम्ही रोज अर्धा तास देत होतो, पण तो दुसऱ्या प्रकारच्या कामांत. ही कामे वेगळी कशी काढायची ते पाहू.

दिवस लहान होऊ लागतात तेव्हा

आधी झाडाचे घड्याळ समजून घेऊ. मांडवावर चढवलेला वालाचा जुना गावरान वेल जुलै-ऑगस्टमध्ये नुसती पाने काढतो. दसरा जवळ आला की त्याला एकाएकी फुलांचे तुरे दिसू लागतात. जूनमध्ये लावलेला वेल आणि जुलैमध्ये लावलेला वेल, दोन्ही जवळपास एकाच सुमारास फुलतात. वय वेगळे असूनही असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी दिले. तंबाखूचा एक वाण उन्हाळ्यात उंचच उंच वाढे, पण फुलत नसे. त्यांनी काही रोपे दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली. दिवस असा कृत्रिमरीत्या लहान केल्यावर ती रोपे भर उन्हाळ्यात फुलली. फुलायचे कधी हे झाड दिवसाच्या लांबीवरून ठरवते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बोनर यांनी दाखवले की अशी झाडे खरे तर रात्रीची अखंड लांबी मोजतात. मध्यरात्री थोडा वेळ प्रकाश पाडला तरी हिशेब बिघडतो.

पुण्यात २१ जूनला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर २२ डिसेंबरला सुमारे ११ तासांचा. फरक सव्वादोन तासांचाच, पण वालाला तेवढा पुरतो. पालकाचे याच्या उलट. दिवस मोठे होऊ लागले की तो मधून दांडा काढून फुलावर जातो आणि पाने राठ होतात. म्हणून दिवस लहान असतानाच त्याची पाने भरपूर मिळतात.

दिवसाच्या लांबीबरोबर तापमानही पाहावे लागते. पुण्यात ऑक्टोबरमध्ये रात्रीचे किमान तापमान ठोकळमानाने १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, डिसेंबरमध्ये ते १२ पर्यंत उतरते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलेली कोथिंबीर लवकर तुऱ्यावर येते. तीच नोव्हेंबरात पेरली तर जास्त दिवस पाने देते. टोमॅटोचे फूल उष्ण रात्री फळ न धरताच गळते, गार रात्री फळ धरते. किनारपट्टीवर रात्री एवढ्या गार होत नाहीत, म्हणून तेथे पेरणी दोन-तीन आठवडे उशिरा केलेली बरी.

थोडक्यात, पेरणीची वेळ हे झाडाच्या घड्याळाला बांधलेले पहिले काम. ती साधली तर पुढचे बरेचसे काम ऋतूच करतो.

पाण्याचा हिशेब

‘रोज पाणी घालावे लागते, म्हणून जमत नाही’ ही सर्वांत मोठी तक्रार. खरेच रोज घालावे लागते का?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. (हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.) ऑक्टोबरच्या उन्हात भाजीने झाकलेल्या वाफ्यातून, पाने आणि माती मिळून, दिवसाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब वाफ्याला दिवसाला ८ ते १० लिटर पाणी लागते. थंडी पडली की हा आकडा उतरतो.

आता मातीची पेटी पाहू. काळ्या मातीच्या वरच्या २० सेंटिमीटर थरात झाडाला घेता येईल असे पाणी साधारण ३० ते ४० मिलिमीटर साठते. त्यातले निम्मे संपेपर्यंत झाडाला फारशी ओढाताण जाणवत नाही. निम्मे म्हणजे १५ ते २० मिलिमीटर, अर्थात तीन-चार दिवसांची बेगमी. तेव्हा रोज झारीने शिंपडण्याऐवजी चौथ्या दिवशी दोन मोठ्या बादल्या शांतपणे मुरवल्या तर काम भागते. शिवाय रोजच्या शिंपडण्याने वरची दोन बोटे मातीच ओली होते, मुळे तेथेच घुटमळतात आणि एक दिवस चुकला तरी रोप कोमेजते. खोल मुरलेल्या पाण्यामागे मुळेही खोल जातात.

माती पाणी कसे साठवून ठेवते हे पाहायचे असेल तर कोकणात जावे. भात कापल्यावर त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर, वाल पेरतात. पाऊस संपलेला असतो, वरून पाणी दिले जात नाही, तरी पीक उभे राहते.

दोन अपवाद मात्र आहेत. पहिला, कोवळ्या रोपांचा. बी पेरल्यापासून पहिले आठ-दहा दिवस मुळे दोन-तीन सेंटिमीटरच खोल असतात. खालच्या साठ्यापर्यंत ती पोचत नाहीत, म्हणून या दिवसांत रोज हलके पाणी लागतेच. हे झाडाच्या घड्याळाला बांधलेले दुसरे काम. आमची मेथी आणि पालक मेले ते याच दिवसांत. दुसरा अपवाद कुंडीचा. कुंडीतली माती थोडी, पाने मात्र काठाबाहेर पसरलेली आणि चारी बाजूंनी ऊन लागते. म्हणून कुंडीला उन्हाच्या दिवसांत रोज पाणी द्यावे लागते.

पाणी हवे की नको हे कसे ओळखायचे? दुपारी पाने माना टाकतात म्हणून लगेच धावू नये. भर उन्हात पानांतून जेवढे पाणी उडते तेवढे मुळे त्या वेगाने ओढू शकत नाहीत, म्हणून पाने तात्पुरती मलूल होतात आणि सायंकाळी सावरतात. पाने पहाटेही मलूल दिसली तर माती खरोखर कोरडी झाली आहे. दुसरी खूण बोटाची. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसावे. टोकाला गारवा आणि ओल लागली तर आज पाणी नको.

काम दुसऱ्यावर सोपवू या

आच्छादन हा पहिला मदतनीस. रोपे वीतभर झाली की ओळींमध्ये वाळलेला पाला, गवत किंवा उसाचे पाचट सुमारे पाच सेंटिमीटर जाड पसरावे. मातीवर थेट ऊन पडत नाही, वारा लागत नाही, त्यामुळे मातीतून उडून जाणारे पाणी कमी होते. अनेक तणांच्या बियांना रुजायला प्रकाश लागतो. तो न मिळाल्याने खुरपणीही वाचते. पाला वरच ठेवावा, मातीत मिसळू नये. मिसळला तर तो कुजवणारे जीवाणू मातीतले नायट्रोजन स्वतःसाठी वापरतात आणि रोपे काही काळ पिवळी पडतात.

दुसरा मदतनीस म्हणजे कुंभाराकडचे साधे, रंग न दिलेले मडके. ते गळ्यापर्यंत मातीत पुरून पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी जोराने ओढून घेते. ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणेही मंदावते. हे मडके मागणी पाहून पुरवठा करते. चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक ग्रंथात ही पद्धत सांगितलेली आहे. सुट्टीत आठ दिवस गावी जायचे असेल तर निघण्यापूर्वी वाफा पूर्ण भिजवावा, आच्छादन घालावे, मडकी भरावीत आणि कुंड्या एकमेकींना लागून सावलीत मांडाव्यात. मुख्य म्हणजे निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवी पेरणी करू नये. मागे राहणाऱ्या रोपांची मुळे तोपर्यंत खाली उतरलेली असली पाहिजेत.

चार रविवारांचा वाफा

पूर्ण वाफा एकाच दिवशी पेरला की मेथीच्या वीस जुड्या एकाच आठवड्यात तयार होतात आणि पुढे महिनाभर काहीच नसते. त्याऐवजी वाफ्याचे चार पट्टे करावेत आणि दर रविवारी एकच पट्टा पेरावा. सुट्टीत गावी जाणार असाल तर आधीचे दोन आणि परत आल्यावर दोन. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. म्हणजे चौथा पट्टा पेरून झाला की लवकरच पहिला हाताशी येतो. तो उपटून तेथे दुसरे काही पेरावे. दर रविवारी वीस मिनिटांचे काम, आणि घरात दर आठवड्याला भाजी.

पालक महिन्या-सव्वा महिन्याने कापावा. मधला कोंब राखला तर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापता येतो. धने पेरण्यापूर्वी हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग करावेत. आपण ज्याला धना म्हणतो ते फळ असते आणि त्यात दोन बिया असतात. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी माती उकरून पाहू नये! मुळ्याची रोपे दोन-तीन पानांवर आली की विरळणी करून दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवावे. हे तिसरे न टळणारे काम. दाटीत राहिलेला मुळा पाने भरपूर काढतो, पण पोसत नाही. उपटलेली रोपे कोशिंबिरीत चालतात.

दोन मिनिटांची पाहणी

चौथे आणि शेवटचे न टळणारे काम म्हणजे आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहणे. थंडीच्या सुरुवातीला वालाच्या शेंड्यांवर मावा दिसतो. माव्याच्या माद्या बहुतेक काळ नराशिवायच, अंडी न घालता थेट पिले देतात आणि ही पिले आठवडा-दीड आठवड्यात स्वतः पिले देऊ लागतात. समजा, एका मादीने आठवड्यात ३० पिले दिली आणि सगळी जगली, तर दुसऱ्या आठवड्याअखेर ९०० आणि तिसऱ्या आठवड्याअखेर २७,००० होतील. प्रत्यक्षात इतकी जगत नाहीत, पण पहिल्या आठवड्यात चिमटीने खुडता येणारा शेंडा तिसऱ्या आठवड्यात आवाक्याबाहेर का जातो, ते या गणितावरून कळते. लवकर दिसला तर पाण्याच्या धारेने मावा धुऊन निघतो. नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला हुसकू नये. तो आणि त्याच्या अळ्या मावाच खातात.

वर्गात करून पाहण्यासारखे

एकाच मापाची दोन मडकी घ्यावीत. एक आच्छादन घातलेल्या वाफ्यात आणि दुसरे उघड्या वाफ्यात पुरावे. रोज ठरावीक वेळी मापाने पाणी भरून प्रत्येकात किती मावले ते लिहावे. दोन आठवड्यांत आच्छादनाचा परिणाम आकड्यांत दिसू लागेल. शाळेजवळ रस्त्याच्या दिव्याखाली वालाचा वेल असेल तर अंधारातल्या वेलाशी त्याच्या फुलण्याच्या तारखा ताडून पाहाव्यात. मेथी अलगद उपटून मुळांवरच्या गाठी शोधाव्यात. गाठ चिरली असता आत गुलाबी रंग दिसला तर त्यातले जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधण्याचे काम करीत आहेत असे समजावे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचाच एक नातलग तेथे तो रंग देतो.

न टळणारी कामे अशी चारच निघाली : वेळेवर पेरणी, पहिल्या आठ-दहा दिवसांचे पाणी, विरळणी आणि पाहणी. ती वहीच्या पहिल्या पानावर तारखांसह लिहून ठेवली की बाकीच्या दिवसांत पेपर तपासायला मन मोकळे राहते. त्या वर्षीपासून आमच्या घरी भोगीच्या भाजीतला निदान वाल तरी मांडवावरचा असतो. वांगी आणि गाजरे अजून बाजारातूनच येतात.