तीन खेळांचं एक घड्याळ

नाशिकला समुद्र नाही. पोहायला महापालिकेचे तलाव आणि शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण. सायकलला त्र्यंबक रस्ता, पेठच्या वाटेवरचा सावळघाट आणि कसाऱ्याची चढउतार. धावायला गंगापूर रोड आणि गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक. एवढ्या भांडवलावर या शहराने दमसासाच्या खेळांत मोठं नाव कमावलं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खंड ओलांडणारी सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. कोणत्याही भारतीय संघाने ती पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर, नाशिककर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. तेव्हाचे पोलीस आयुक्त डॉ. रवींद्र सिंगल यांनी २०१८ मध्ये फ्रान्समध्ये आयर्नमॅन पूर्ण केली आणि ट्रायथलॉन म्हणजे काय, हा प्रश्न नाशिकमधल्या अनेक घरांत पहिल्यांदाच विचारला गेला.

उत्तर थोडक्यात असं: पोहणं, सायकल आणि धावणं यांची सलग शर्यत. आयर्नमॅन ही त्यातली लांब पल्ल्याची. ३.८ किलोमीटर पोहायचं, पाण्यातून निघून १८० किलोमीटर सायकल चालवायची, सायकल टांगून ४२.२ किलोमीटर धावायचं. सगळं लागोपाठ, सतरा तासांच्या आत. हवाईत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिल्यांदा १५ जण या शर्यतीला उभे राहिले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. निम्म्या अंतराची ‘७०.३’ शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावर आली, आणि महाराष्ट्रातल्या हौशी खेळाडूला परदेशाचं तिकीट न काढता आयर्नमॅनच्या शर्यतीत उतरता आलं.

या खेळाडूच्या मनगटावर जे घड्याळ असतं, त्याच्याइतकं विचित्र काम दुसऱ्या कुठल्या घड्याळाला क्वचितच पडत असेल. सकाळी ते तासभर पाण्याखाली-पाण्यावर आपटतं, दुपारी उन्हात तापतं, रात्री घामाने माखलेलं असतं. या सगळ्यात त्याने अंतर, वेग, नाडी आणि वेळ सांगत राहायचं. जाहिरातीत पन्नास सोयींची यादी असते. खेळाडूची मागणी फार लहान आहे: तिन्ही ठिकाणी खरं सांग, आणि जिथे अंदाज बांधावा लागतो, तिथे तुझी चूक रोज एकसारखी राहू दे. घड्याळ दर किलोमीटरमागे दहा मीटर जास्त दाखवत असेल तर माणूस ते गृहीत धरून सराव करतो. आज जास्त आणि उद्या कमी दाखवणाऱ्या घड्याळाचं मात्र काहीच करता येत नाही.

सर्वांत कठीण परीक्षा पाण्याची. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून निघालेला संदेश आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की एका वॅटचा अब्जावा भाग घ्यावा, त्याचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, आणि त्यातल्या एकाच्या आसपासची ताकद हाती यावी. आपली जागा ठरवायला घड्याळाला असे किमान चार उपग्रह एका वेळी ‘दिसावे’ लागतात. या लहरी पाण्यात शिरत नाहीत. मनगट वीतभर बुडालं की संपर्क तुटला. फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्याबाहेर येतो तो जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात घड्याळाने उपग्रह पकडायचे, जागा ठरवायची, की हात पुन्हा आत.

सुरुवातीच्या वर्षांत यावर खेळाडूंनीच तोड काढली होती. घड्याळ मनगटावरून काढून पोहण्याच्या टोपीखाली ठेवायचं. डोकं बहुतेक वेळ पाण्याच्या वर, त्यामुळे मार्ग बराच सरळ उमटायचा. पण पोहताना वेग बघायची सोय गेली. पुढे घड्याळं शहाणी झाली. आतला हालचाल मोजणारा सेन्सर हाताची लय ओळखतो आणि हात वर असतानाच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवून मधली तुटलेली रेघ जुळवतो. ब्रेस्टस्ट्रोक मारणाऱ्याच्या बाबतीत हे साधत नाही, कारण त्याचे हात जवळजवळ सगळा वेळ पाण्याखाली असतात. धरणाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात कंबरेला केशरी बॉया बांधून पोहावं, असं सगळे जाणते सांगतात. तो आधी जीव सांभाळण्यासाठी आहे. घड्याळ त्याला बांधलं तर मार्गही स्वच्छ उमटतो, हा वरचा फायदा.

तलावात तर उपग्रहांचा उपयोगच नाही. छताखाली ते दिसत नाहीत, आणि उघड्या तलावातही पंचवीस मीटरची ये-जा त्यांच्या मापातल्या चुकीच्या मानाने फारच लहान. तिथे घड्याळ उपग्रह बंद ठेवून वळणं मोजतं. तलाव २५ मीटरचा की ५० मीटरचा हे आधी सांगावं लागतं. मग भिंतीला पाय मारून निघताना शरीराला जो हिसका बसतो, त्यावरून ते एक फेरी धरतं. गर्दीच्या बॅचमध्ये समोर कुणी आडवं आलं आणि माणूस मध्येच थांबला, की एक फेरी जास्त लागली म्हणून समजा. हातात फळी धरून नुसते पाय मारले तर घड्याळाला माणूस पोहतोय हेच कळत नाही. २५ मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे १५२ फेऱ्या. त्या डोक्यात मोजणं अशक्यच, म्हणून या मोजणीला एवढी किंमत.

नाडीचंही तेच. छातीचा पट्टा रेडिओ लहरींनी घड्याळाशी बोलतो आणि पाणी त्या लहरी गिळतं. त्यावर काढलेला उपाय मला या सगळ्या यंत्रकथेतला सर्वांत देखणा वाटतो: पट्ट्यालाच स्वतःची स्मृती दिली. पोहताना तो ठोके स्वतःजवळ जपून ठेवतो आणि माणूस पाण्याबाहेर आला की सगळा हिशोब घड्याळाच्या हवाली करतो. गार्मिनने असे पट्टे २०१५ मध्ये आणले.

पाणी आत जाऊ न देणं हे वेगळंच शास्त्र. पाठीवर ‘५० मीटर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पन्नास मीटर खोल बुडी मारा असा नाही. तेवढ्या खोलीच्या स्थिर दाबाला घड्याळ टिकतं, एवढाच त्याचा अर्थ. जोरात आपटणारा हात आणि पाण्याखाली दाबलेलं बटण यांचा हिशोब त्यात नसतो. आतलं रक्षण करतात ती रबराची बारीक कडी; ऊन, मीठ, साबण आणि वय यांनी ती कडक होतात.

या घड्याळांचा इतिहास फार जुना नाही. टाइमेक्सने १९८६ मध्ये ‘आयर्नमॅन’ नावाचं घड्याळ काढलं. ते वेळ आणि लॅप सांगायचं. त्याआधीच, १९८२ मध्ये, फिनलंडच्या पोलरने बिनतारी नाडीमापक आणला होता. १ मे २००० च्या रात्री अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेला गोंधळ काढून टाकला, आणि मनगटी जीपीएसला अर्थ आला. गार्मिनचं फोररनर ३०५ हे २००६ चं घड्याळ एकाहून जास्त खेळ लागोपाठ नोंदवायचं, पण मीटरभर पाण्यात अर्धा तास एवढीच त्याची हमी होती आणि चार्ज दहा तासांचा. सतरा तासांच्या शर्यतीला ते कसं पुरणार? २००९ च्या ३१०एक्सटीने ५० मीटर आणि वीस तास दिले. तलावातल्या फेऱ्या मोजणं आलं ते पुढच्या ९१०एक्सटीमध्ये.

सायकलवर घड्याळाला सगळ्यांत सोपं काम असतं आणि तिथेच ते खेळाडूचं सगळ्यांत मोठं भलं करतं. नाशिक-त्र्यंबक जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. तीन फेऱ्या मारल्या की आयर्नमॅनचं अंतर. पाण्यातून निघालेला माणूस ताजातवाना असतो, पहिल्या फेरीत पाय आपोआप जोर करतात, आणि त्याची किंमत मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला वसूल होते. अनुभवी खेळाडू सायकलवर नाडी किंवा पॅडलवरची ताकद एका ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ देत नाहीत. चढावर मागचा पुढे गेला तरी जाऊ देतात. इथे मनगटावरून नाडी टिपणाऱ्या घड्याळाच्या हिरव्या दिव्याचा भरवसा धरू नये. खडबडीत रस्त्याने हँडल थरथरतं आणि आकडा उड्या मारतो. छातीचा पट्टाच घालावा. घाटातली उंची घड्याळ हवेच्या दाबावरून काढतं. असे चिमुकले दाबमापक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत बॉश आहे, म्हणजे सातपूरच्या कारखान्यामुळे नाशिककराला घरचंच नाव. दाबमापकाच्या छिद्रात घामाचं मीठ साचलं की सावळघाटाची उंची भलतीच दिसू लागते.

स्पर्शाच्या पडद्याबद्दल माझं मत ठाम आहे: या खेळात बटणंच हवीत. जून ते सप्टेंबर घोटी-इगतपुरीकडे सायकल काढून पाहावी. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ते थेंब पडद्याला बोटांसारखेच वाटतात. घड्याळ आपणहून पानं उलटत बसतं. पोहून झालं, आता सायकल, हे घड्याळाला सांगायचं असतं ते एका बटणाने, सुरकुतलेल्या ओल्या बोटांनी, धावता धावता. मधला कपडे-बूट बदलायचा वेळही शर्यतीतच धरला जातो, म्हणून ट्रान्झिशनची नोंद वेगळी लागते. बटण चुकून दोनदा दाबलं तर सायकलचे १८० किलोमीटर धावण्याच्या खात्यात जातात. त्यामुळे घड्याळातला तिन्ही खेळांचा, म्हणजे मल्टिस्पोर्टचा, क्रम शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा लावून पाहण्यात अर्थ नाही. घरच्या तलावावर, घरच्या रस्त्यावर तो हाताच्या सवयीचा व्हायला हवा.

धावताना पुन्हा उपग्रहांवर भिस्त. उंच इमारतींवर आपटून आलेला संदेश लांबचा रस्ता घेतो आणि घड्याळाला फसवतो; लहान गोल ट्रॅकवर कोपरे कापले जातात. नवी घड्याळं एकाच उपग्रहाच्या दोन वेगळ्या लहरी ऐकून ही लबाडी ओळखतात, पण त्यासाठी चार्ज जास्त जाळतात. जीपीएससारखीच आपली भारतीय यंत्रणा ‘नाविक’ मनगटावर यायला वेळ लागतो आहे, कारण तिचे आधीचे उपग्रह लहान यंत्रांत सर्वाधिक वापरली जाणारी एल-१ लहर पाठवतच नव्हते. इस्रोने २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून ती सुरू झाली.

एक गोष्ट नवख्यांनी लक्षात ठेवावी. अधिकृत वेळ घड्याळाची नसते. ती घोट्याला बांधलेल्या चिपची असते. घड्याळाची नोंद दुसऱ्या दिवशी कामाला येते. नाडी कुठे चढली, पावलांची गती कुठे मंदावली, पाणी प्यायला उशीर झाला का, हे प्रशिक्षक त्यावरून काढतो आणि पुढच्या महिन्यांचा सराव बेततो. झोप, ताण, ‘तुमचं शारीरिक वय’ असले आकडे त्या मानाने मला दुय्यम वाटतात.

म्हणून पहिलं घड्याळ सर्वांत महागडं घेण्याची गरज नाही. एक-दोन पिढ्या जुनं मॉडेल चालेल. वाचलेले पैसे छातीच्या पट्ट्यावर खर्च करावेत. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावं, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. आणि दुकानात एक प्रश्न जरूर विचारावा: बॅटरी आणि आतलं रबरी कडं बदलून मिळतं का, आणि कुठे? घेताना वीस तास चालणारी बॅटरी तीन-चार वर्षांनी तेवढी चालत नाही. शर्यत मात्र सतरा तासांचीच राहते, आणि शेवटच्या दहा किलोमीटरला, अंधारात, पेस बघण्याची गरज सर्वांत जास्त असते.