शर्यतीची गाडी आणि मांजरसुंब्याचा घाट

बीडहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक २११, आताचा ५२) मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर येतो आणि पुढे चौसाळ्याला पोचतो. उन्हाळ्यात घाट चढून आल्यावर बॉनेट उघडून उभा असलेला ट्रक इथल्या मुलांना नवा नाही. ड्रायव्हर खाली उतरलेला असतो, पाण्याचा कॅन हातात असतो, पण इंजिन मात्र त्याने चालूच ठेवलेले असते.

चौसाळ्याला विज्ञान शिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. गप्पा संपता संपता बारावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, दादाच्या कॉलेजात शर्यतीची गाडी बनवलीय. ती तापायची, म्हणून त्यांनी रेडिएटर मोठा केला. तर गाडी हळू झाली, आणि तापायची ती तापतेच. असं का?"

प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर दोन वाक्यांत देणे आम्हांला बरे वाटले नाही. शिवाय या उत्तरात आठवी ते बारावीच्या भौतिकशास्त्राची बरीच प्रकरणे एकत्र येतात. म्हणून हा लेख.

गाडी कोणती?

अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः आराखडा करून छोटी, एकआसनी, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी बांधतात आणि स्पर्धेत उतरवतात. ही प्रथा अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूर येथे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांची 'बाहा' स्पर्धा होऊ लागली, आणि २०११ पासून धावपट्टीवरच्या गाड्यांची 'सुप्रा'. पुण्यामुंबईच्या अनेक महाविद्यालयांचे चमू अशा स्पर्धांत भाग घेत आले आहेत. कोइम्बतूरच्या ज्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा होते, त्याचे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून पडले आहे. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊन 'फॉर्म्युला मारुती' ही हलकी गाडी तयार केली. मोठ्या कारखान्याशिवायही शर्यतीची गाडी बनू शकते, हे तिने दाखवून दिले.

विद्यार्थ्यांच्या गाडीत पुष्कळदा मोटारसायकलचे इंजिन असते. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम मोटारसायकलचे ३७३ घन सेंटिमीटरचे, सुमारे ३२ किलोवॅट शक्तीचे इंजिन अनेक चमू वापरतात. आपण हेच इंजिन धरून हिशेब करू.

वीस हीटरची उष्णता

एक ग्रॅम पेट्रोल जळले की सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता मिळते. पूर्ण जोरात चालताना हे इंजिन दर सेकंदाला अंदाजे अडीच ग्रॅम पेट्रोल जाळते. म्हणजे सेकंदाला १०७ किलोज्यूल, अर्थात १०७ किलोवॅट. त्यातले साधारण एक तृतीयांश चाकांकडे जाते आणि एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते. उरलेली बहुतेक उष्णता, म्हणजे ३० किलोवॅटच्या आसपास, इंजिनाभोवतीच्या पाण्याला बाहेर वाहून न्यावी लागते.

३० किलोवॅट म्हणजे किती? आंघोळीचे पाणी तापवायचा दीड किलोवॅटचा हीटर आपल्या ओळखीचा आहे. असे वीस हीटर दोन-तीन लिटर पाण्यात एकदम बुडवले आहेत अशी कल्पना करा. उष्णता निघून गेली नाही, तर पाणी अर्ध्या मिनिटात उकळू लागेल.

पाणी ही उष्णता रेडिएटरमध्ये नेते आणि तिथे ती हवेला देते. हवेचे तापमान ३० अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर ३० किलोवॅटसाठी दर सेकंदाला एक किलोग्रॅम हवा लागते. एक किलोग्रॅम हवा म्हणजे जवळजवळ ९०० लिटर. एवढी हवा प्रत्येक सेकंदाला रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमधून गेली पाहिजे. धावपट्टीवर इंजिन सतत पूर्ण जोरात नसते, त्यामुळे सरासरी आकडा कमी येतो. पण हिशेबाचा अंदाज एवढ्यावरून येईल.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आणि डिसेंबरच्या पहाटेची हवा १५ अंशांवर असेल, तर फरक ८० अंशांचा. मे महिन्याच्या दुपारी बीड जिल्ह्यात हवा ४२ अंशांवर गेली, की फरक उरतो ५३ अंश. तोच रेडिएटर, तीच हवा, पण क्षमता एक तृतीयांशाने घटली. हिवाळ्यात चाचणी करून 'गाडी तापत नाही' असे म्हणणाऱ्यांची उन्हाळ्यात फजिती होते ती यामुळे.

कूलर आणि उघडी खिडकी

मग रेडिएटर मोठा करूनही गाडी का तापली? आम्ही त्या मुलाला विचारले, "घरी कूलर आहे?" होता. "खोलीची दारे-खिडक्या सगळ्या बंद करून कूलर लावला तर?" मुलगा लगेच म्हणाला, "हवा येत नाही. समोरची खिडकी थोडी उघडी लागते."

रेडिएटरचेही तसेच आहे. हवेला आत यायला वाट हवी, तशी बाहेर जायलाही हवी. तापलेली हवा मागे कोंडली, तर नवी हवा आत शिरत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या पत्र्यांमधून जाणे अवघड, बाजूच्या फटीतून निसटणे सोपे. रेडिएटरभोवती चार बोटांची फट असेल, तर बरीचशी हवा त्या फटीतूनच निघून जाते. चौकशीत कळले की दादाच्या गाडीत असेच होते. रेडिएटर गाडीच्या बाजूला उघडाच बांधलेला होता. त्याच्या पुढे नळकांडे नव्हते आणि कडा मोकळ्या होत्या. तो मोठा केल्यावर फटही मोठी झाली, वजन वाढले आणि वाऱ्याला अडवणारा पृष्ठभागही वाढला.

इथे बर्नुलीचे तत्त्व उपयोगी पडते. हवा आत घेणारे तोंड लहान ठेवायचे आणि रेडिएटरकडे जाताना नळकांडे रुंद करत न्यायचे. रुंद जागेत हवेचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. सावकाश जाणारी हवा पत्र्यांमधून जाताना कमी शक्ती खाते आणि उष्णता घ्यायला तिला अधिक वेळ मिळतो. पुढे नळकांडे अरुंद करून हवा पुन्हा वेगाने मागे सोडायची. पत्रा, फोम आणि चिकटपट्टी एवढ्या सामानात हे जमते. रेडिएटर मोठा करण्याआधी करून पाहण्याचे काम हे आहे.

वारा कधी मोजायचा?

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा पंख नसलेल्या छोट्या गाडीला ताशी ६० किलोमीटरला अंदाजे १०७ न्यूटन रोध होतो, तर १२० ला ४२८ न्यूटन. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ६० ला सुमारे १.८ किलोवॅट, १२० ला १४ किलोवॅटहून अधिक. वेग दुप्पट, शक्ती आठपट.

आता गंमत पाहा. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतील धावपट्टी वळणावळणांची असते आणि सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास राहतो. एवढ्या वेगाला ३२ किलोवॅटमधले फार थोडे हवेला द्यावे लागतात. म्हणून गाडी नुसती निमुळती करून इथे फारसे साधत नाही. पंख लावतात ते वेगळ्या कारणासाठी. विमानाचा पंख उलटा बसवला, की हवा गाडीला खाली दाबते. चाके जमिनीला घट्ट धरतात आणि वळणावर अधिक वेग घेता येतो.

समजा, ताशी ६० ला पंख ३०० न्यूटनने दाबतो. गाडी २२० आणि चालक ७० किलोग्रॅम, मिळून भार सुमारे २,९०० न्यूटन. पकड दहा टक्क्यांनी वाढली. वळणावरचा वेग पकडीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून तो पाच टक्क्यांनी वाढेल. पण ताशी ४० च्या वळणावर हाच फायदा सव्वादोन टक्क्यांवर येतो, आणि पंखाचे दहा किलोग्रॅम मात्र सगळीकडे वाहावे लागतात. पंख लावावा की नाही, यावर दरवर्षी चमूंमध्ये वाद होतात, आणि धावपट्टी पाहिल्याशिवाय त्यांचा निकाल लागत नाही.

वजन : सगळीकडे लागणारा कर

वजनाचे गणित सरळ आहे. बल तेच ठेवून वस्तुमान दहा टक्क्यांनी कमी केले, तर त्वरण अकरा टक्क्यांनी वाढते. ब्रेक लावताना गतिज ऊर्जा कमी मुरवावी लागते. तेवढाच वेग गाठायला इंधन कमी जळते, म्हणून उष्णताही कमी तयार होते. म्हणजे वजन घटवले की रेडिएटरचे ओझेही हलके होते.

मात्र सगळे किलो सारखे नसतात. चाकाच्या कडेला असलेला एक किलो गाडीबरोबर पुढे जातो आणि स्वतःभोवती फिरतोही. त्याची सरळ रेषेतली गतिज ऊर्जा आणि फिरण्याची गतिज ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. म्हणून वेग वाढवताना तो दोन किलोंइतका जड पडतो. उंचावर असलेला किलो गाडीला वळणावर कलंडवतो. सांगाड्यातली नळी बारीक करणे मात्र धोक्याचे, कारण चालकाचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. तिथे नियमांच्या खाली जाता येत नाही आणि जाऊही नये.

तिन्हींचा एकच जमाखर्च

थंड ठेवणे, वाऱ्याला वाट देणे आणि वजन घटवणे ही तीन वेगवेगळी कामे वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच वहीतील नोंदी आहेत. हे न ओळखल्याने भल्याभल्यांची फसगत झाली आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रॅबहॅम या फॉर्म्युला वन संघाचे आराखडाकार गॉर्डन मरे यांनी बीटी ४६ या गाडीचे नेहमीचे रेडिएटर काढून टाकले. गाडीच्या अंगावरच सपाट पत्रे बसवून त्यांतून पाणी फिरवायचे, म्हणजे वाऱ्याला अडथळा होणार नाही आणि वजनही वाचेल, असा विचार होता. गाडी तापली. सपाट पत्र्याचे क्षेत्रफळ पुरेना. रेडिएटरला शेकडो बारीक पत्र्या असतात त्या याचसाठी. शेवटी नेहमीचे रेडिएटर परत बसवावे लागले.

मग १९७८ मध्ये त्याच गाडीच्या मागे मोठा पंखा आला. रेडिएटर इंजिनावर आडवा ठेवला होता. पंखा त्यातून हवा ओढे, आणि त्याचबरोबर गाडीच्या खालचीही हवा उपसून गाडी जमिनीला चिकटवून ठेवे. निकी लाउडा यांनी स्वीडनची शर्यत या गाडीवर जिंकली. इतर संघांनी हरकत घेतली आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. पंखा थंड करण्यासाठी की दाबण्यासाठी, हा वादाचा मुद्दा होता. खरे उत्तर 'दोन्हींसाठी' असेच होते.

इंजिन चालू का ठेवायचे?

आता घाटमाथ्यावरच्या ट्रककडे वळू. चढावर ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतो. इंजिन पूर्ण जोरात, पण वारा बैलगाडीच्या वेगाचा. म्हणजे उष्णता सर्वाधिक आणि हवा सर्वांत कमी. माथ्यावर येऊन इंजिन एकदम बंद केले, तर पाण्याचा पंप आणि पंखा थांबतात. धातूत साठलेली उष्णता मात्र जागेवरच्या पाण्यात उतरत राहते आणि पाणी उकळते. म्हणून अनुभवी ड्रायव्हर इंजिन काही वेळ नुसते फिरत ठेवतो.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत २२ किलोमीटरची एक दमाची शर्यत असते. निम्म्या अंतरावर गाडी थांबवून, इंजिन बंद करून चालक बदलावा लागतो. तीन मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू करायची. वर्षभर मेहनत केलेल्या कित्येक गाड्या इथेच हार मानतात. घाटातल्या ड्रायव्हरला ठाऊक असलेली गोष्ट आराखड्यात धरलेली नसते, हे त्याचे एक कारण आहे.

एक सूचना फार महत्त्वाची. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. प्रेशर कुकरप्रमाणे आत दाब असतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाला पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी वाफेसह अंगावर उसळते. मुलांना हे जरूर सांगा.

वर्गात करून पाहा

१. पत्र्याचे दोन सारखे डबे घेऊन त्यांत सारखे गरम पाणी भरा. दोन्हींसमोर, थोड्या अंतरावर, सारखे पंखे ठेवा. एका डब्यापर्यंत पुठ्ठ्याचा बोगदा करा आणि त्याचे दुसरे टोक उघडे ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. नंतर बोगद्याचे टोक बंद करून प्रयोग पुन्हा करा.

२. वारा नसताना शाळेच्या सपाट मैदानावर सायकल ठराविक वेगाने आणून पायडल मारणे थांबवा. ती थांबेपर्यंतचे अंतर मोजा. आधी ताठ बसून, मग वाकून. पुढे सायकलवर पुस्तकांचे दप्तर बांधून पाहा. जड सायकल कधी कधी अधिक दूर जाते! वजन वाईट म्हणता म्हणता हे कसे झाले? वायुरोध वस्तुमानावर अवलंबून नसतो, ही खूण देऊन उत्तर मुलांकडूनच काढून घ्या.

दादाच्या चमूला आम्ही एवढेच कळवले : जुना लहान रेडिएटर परत लावा, कडा बंद करा, मागची वाट मोकळी करा आणि पाण्यात तापमापक ठेवून मगच पुढचा खर्च ठरवा. काही आठवड्यांनी त्या मुलाचे पत्र आले. फोम लावल्यावर पाणी उकळायचे थांबले होते. आता चमूत पंखावरून भांडण सुरू झाले होते, आणि या वेळी त्यांनी आधी धावपट्टीवरची वळणे मोजायला घेतली होती.