नऊ फुटांची फट

गोव्यात फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, यावर वाद नाही. अमेरिकेत मात्र 'फुटबॉल' बहुतेक वेळ हातातच असतो. तो लाथाडायचं काम संघातल्या एक-दोघांचं. त्यातला गोल मारणारा तो किकर. (मला हा शब्द ऐकला की आपला 'किंकर' आठवतो. संघातला त्याचा मान बघता फारसं चुकत नाही!)

याच खेळाचं छपराखालचं रूप म्हणजे अरेना फुटबॉल. जिम फॉस्टर यांच्या कल्पनेतून आलेली ही लीग १९८७ मध्ये सुरू झाली. मैदान अवघं ५० यार्ड, म्हणजे नेहमीच्या निम्मं. मग किकरची मजाच की, असं मलाही वाटलं होतं. पण एनएफएलमध्ये गोलच्या दोन खांबांत साडेअठरा फूट अंतर असतं, इथे जेमतेम ९ फूट. आडवा दांडा तिथे १० फुटांवर, इथे १५. शिवाय दोन्ही बाजूंना उंच जाळ्या ताणलेल्या. नेम हुकला की चेंडू जाळीवर आपटून परत मैदानात येतो आणि खेळ चालूच राहतो. म्हणजे तुमचीच चूक काखेत मारून समोरचा तुमच्या गोलकडे धावत सुटतो!

रॉब बिरोनास या शाळेत तयार झाला. ऑबर्नमधून तो जॉर्जिया सदर्नला गेला. हे कॉलेज तेव्हा दुसऱ्या फळीत खेळायचं. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. (कॅम्पस इंटरव्ह्यूला बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) मग कॅरोलायना कोब्राज, न्यूयॉर्क ड्रॅगन्स असे अरेनातले संघ. तिथून बाहेर पडणारे किकर मोजकेच. २००५ मध्ये टेनेसी टायटन्सने त्याला घेतलं.

पुढच्याच वर्षी कोल्ट्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत त्याने ६० यार्डांवरून गोल मारून सामना जिंकून दिला. २१ ऑक्टोबर २००७ ला ह्यूस्टनविरुद्ध तर एका सामन्यात आठ फील्ड गोल, म्हणजे एनएफएलचा विक्रम. त्या दिवशी ३२-७ अशी आघाडी टायटन्सनी घालवली होती. वेळ संपता संपता आठवा गोल बसला, २९ यार्डांवरून, आणि सामना ३८-३६ असा सुटला.

२०१४ मध्ये नॅशव्हिलमध्ये मोटार अपघातात तो गेला. मी आकडे शोधायला बसले होते, पण त्या २९ यार्डांवरच अडकले. तेवढ्या अंतरावरून त्याने कितीदा नऊ फुटांची फट शोधली असेल! त्या दिवशी समोर साडेअठरा फूट मोकळे होते.