निर्गुडीचा पाला धान्यात किती कामाचा?

निर्गुडी ओळखायला कुणाला शिकवावी लागत नाही. ओढ्याकाठी, बांधावर, कुंपणाला असते. तीन-पाच पानांचा पंजा, निळसर तुरे, आणि चुरगळलं की तो उग्र वास. बाळंतिणीच्या पाण्यात, सुजल्या गुडघ्याच्या शेकात आणि तूर-हरभऱ्याच्या डब्यातही तिचा पाला पडतो. गटांमधून आम्हाला दोन प्रश्न येतात. हा पाला धान्यात घालायला विकता येईल का? आणि ‘अँटिऑक्सिडंट चहा’ म्हणून त्याची पावडर विकली तर?

चहाचं आधी सांगतो. वांगं चिरून उघडं ठेवलं की काळं पडतं. हवेतल्या प्राणवायूमुळे होणारा असा बिघाड जे पदार्थ रोखतात, ते अँटिऑक्सिडंट. ते तपासायची एक सोपी चाचणी १९५८ सालापासून वापरात आहे. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं गडद जांभळं पाणी घ्यायचं, त्यात वनस्पतीचा अर्क घालायचा. रंग उडून पिवळट झाला की अर्कात दम आहे. निर्गुडीचा अर्क या चाचणीत उतरतो. तिच्या पानांत कॅस्टिसिनसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्यं आहेत. पण आवळाही उतरतो आणि आपला रोजचा चहाही. काचेच्या नळीत रंग उडाला म्हणजे पोटात गेल्यावर आजार बरा होतो, असं त्यातून कळत नाही. शिवाय निर्गुडी हे औषध आहे. गरोदर बाईने तर ती वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊच नये. पाकिटावर काहीबाही छापून ती कुणाच्याही घरात पोचवणं आम्हाला पटत नाही.

आता धान्याकडे वळू, कारण इथे नुकसान रोजचं आहे. कडुनिंबावर जगभर काम झालं. त्यातलं अझाडिरॅक्टिन १९६८ साली वेगळं काढलं आणि आज त्याची औषधं कृषी सेवा केंद्रात मिळतात. निर्गुडीच्या वाट्याला तेवढा अभ्यास आला नाही. तरी थोडकं म्हणता येणार नाही इतकं झालंय. पानांच्या तेलाने डास दूर राहतात, असा अभ्यास १९९२ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. अर्काने डासांच्या अळ्या मरतात, साठवणीतले किडे कमी होतात, असंही प्रयोगांत दिसलंय. फवारणीच्या दशपर्णी अर्कातही निर्गुडी असते. मात्र प्रयोगशाळेत वापरतात ते तेल किंवा घट्ट अर्क. आपण टाकतो तो मूठभर सुका पाला. दोघांचा जोर सारखा कसा असेल?

त्यात कडधान्याचा भुंगेरा मोठा लबाड. मादी दाण्यावर अंडी चिकटवते. नीट पाहिलं तर पांढरे ठिपके दिसतात. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते आणि उबदार हवेत महिन्याभरात भोक पाडून भुंगा बाहेर येतो. एका मादीची अंडी शंभराच्या आसपास. पाल्याचा वास बाहेरच्या भुंग्याला नकोसा होतो, पण दाण्याच्या आतल्या अळीचं तो फारसं काही करू शकत नाही. म्हणून कीड लागल्यावर पाला टाकून उपयोग नाही. आधी कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्कन तुटेल इतकं. गार होऊ द्या, मग भरा. पाला सावलीत वाळवलेला हवा. उन्हात त्याचं तेल उडतं आणि ओला टाकला तर बुरशी येते. डबा घट्ट झाकणाचा घ्या. उघड्या कणगीत वास चार दिवसांत निघून जातो.

हे सगळं कशासाठी, तर धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात येऊ नयेत म्हणून. त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. माणसं झोपतात त्या खोलीत त्या कधीच नकोत.

विकायचं की नाही हे ठरवायच्या आधी गटाने एक करून बघावं. एकाच पोत्यातली तूर, एक-एक किलोचे चार सारखे डबे. दोनांत मूठ-मूठ निर्गुडी, दोन तसेच. डब्यांवर खूण, तारीख. तीन महिने हात लावायचा नाही. मग प्रत्येक डब्यातले शंभर दाणे न निवडता उचला आणि भोकं पडलेले किती ते मोजा. चारही आकडे वहीत लिहा, फरक पडला नसेल तरीही. आम्हाला कळवा, इथे वाचून दाखवू.