उन्हाळ्याचा खर्च धंद्याच्या वहीत लिहा

आम्ही मालेगावचे कापडवाले. कोऱ्या कापडाच्या गाठी बांधायच्या आणि रंगाईसाठी बालोतरा, पाली, अहमदाबादकडे रवाना करायच्या, हा आमचा धंदा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, पण गाडी भरायची वेळ मात्र भर दुपारचीच. अशाच एका मे महिन्यात आमच्या दारात एक वयस्क हमाल पाठीवर गाठ असतानाच कोसळला. जीव वाचला, पण पुन्हा ओझे उचलणे त्याच्या नशिबी राहिले नाही. दोष उन्हाला कसा द्यावा? गाडीची वेळ आम्हीच ठरवली होती.

हमालाला मजुरी गाठीमागे आणि यंत्रमाग कामगाराला कापडामागे. थांबला तर रोजी बुडते, म्हणून चक्कर आली तरी तो बोलत नाही. त्याला थांबवणे हे मालकाचे काम आहे. कारखान्यात तर वर पत्रा आणि सूत तुटू नये म्हणून हवा दमट. दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासात दिसले. तेथील महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. लोकांना आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी, दवाखान्यांची तयारी, असे त्याचे साधे स्वरूप आहे. जे शहराला जमले ते दुकानाला का जमू नये?

आम्ही गाडी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच भरतो. ट्रान्सपोर्टवाले आठवडाभर कुरकुरले, मग वेळेवर येऊ लागले. दाराशी माठ ठेवले, पत्र्याला चुना मारला. दुपारच्या विश्रांतीची मजुरी कापत नाही. वयस्क आणि आजारी माणसाला उन्हात पाठवत नाही.

कोणी भोवळून पडला, बरळू लागला तर उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा, सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

व्यापारी बांधवांनो, माठ, चुना आणि तासाभराची मजुरी हा खर्च खैरातीच्या खात्यात टाकू नका. गाठ बांधायला सुतळी लागते, तसाच हाही धंद्याचा खर्च आहे. माणूस टिकला तरच धंद्यात बरकत आहे.