रुएलिया : कारवीची परदेशी भाऊबंद

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्यांस माहुली व माळशेजच्या डोंगरांवरील कारवी परिचितच आहे. बागेत शोभेसाठी लावतात ती रुएलिया ट्यूबरोजा ही ओषधी कारवीच्याच अडुळसा कुलातील होय. मात्र तिचे मूलस्थान उष्ण कटिबंधातील अमेरिका. फ्रेंच वनस्पतिज्ञ झाँ रुएल (१४७४–१५३७) यांच्यावरून प्रजातीचे नाव पडले, आणि १७५३ साली लिनीअसने या जातीचे वर्णन केले. पाने समोरासमोर येतात. फुले जांभळी व नरसाळ्यासारखी असतात. वाळलेले बोंड पाण्याने भिजताच तडकते व बी दूर उडते. मुळे जाड व गाठाळ असल्याने वरून कापलेले झाड पुन्हा फुटते. म्हणून बोंडे वाळण्यापूर्वीच खुडावीत आणि बांधावर उगवलेले रोप मुळांसकट खणून काढावे.